आत्याबाईंना मी गावाला पाठवलं

मालिकेतल्या माणसाला मारायचं नसेल, पण दिसूही द्यायचं नसेल, तर आम्ही लेखक त्याला गावाला पाठवतो. नट आजारी पडला किंवा नाटकाच्या दौऱ्यावर गेला, की कुणीतरी पोळ्या लाटता लाटता म्हणतं, "ते गावाला गेलेत, येतील आठ दिवसांत." अशाच एका वाक्यानं मी एका बाईचं काम घालवलं. तिचा काही दोष नव्हता. मला सूड दुसऱ्याच माणसावर उगवायचा होता.

मुंबईत चित्रित होणाऱ्या एका रोजच्या मालिकेचे संवाद मी बरीच वर्षं संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या घरात बसून लिहिले. सुरुवातीला वाहिनीकडून त्या मालिकेचं काम एक बाई बघायच्या. प्रत्येक प्रसंग त्या मला फोनवर मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मध्येच थांबवून विचारायच्या, "बाकी ठीक आहे, पण भाजी कसली चाललीय?" मी चिडायचो. पण शेपू निवडताना सून जे बोलेल ते वांगी चिरताना बोलणार नाही, हे मला त्यांनीच शिकवलं.

नायिकेच्या आत्याचं काम अक्का करायची. अक्का म्हणजे आमच्या शहरातल्या नाटकांपासूनची माझी मैत्रीण, चार वर्षांनी मोठी. दौलताबादची. वडील मेंढरं राखायचे. तिला शुद्ध बोलायला लावायचं नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. इथल्या शहागंजात ती कापड घ्यायला गेली की दुकानदार गल्ला सोडून बाहेर यायचा. "आत्याबाई, उस बहू को कब सीधा करते जी?" या कामाच्या भरवशावर तिनं इथली बालवाडीतली नोकरी सोडली आणि मुंबईत खोली घेतली.

मग एका सोमवारी बाईंना काढलं. का, ते मी विचारलं नाही. त्यांना साधा फोनही केला नाही. नवा माणूस आपल्याला ठेवेल का, एवढीच धास्ती होती.

नवे साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच बैठकीत त्यांनी माझा प्रसंग सगळ्यांसमोर पडद्यावर लावला. "सर, दोन पानं शेपू? लोक काय भाजी बघायला बसतात?" सगळे हसले. "तुम्ही तिकडंच बसून लिहिता ना, संभाजीनगरला? जाणवतं ते."

मीही हसलो. आणि ठरवलं, याला पाडायचा.

भांडलो नाही. मागतील ते देत गेलो, जरा जास्तच. एक थप्पड मागितली तर तीन दिल्या. नायिकेची स्मृती एकदा जायची होती, मी दोनदा घालवली. स्वयंपाकघरातून भाजी गेली, मग स्वयंपाकघरच गेलं. सगळ्या बायका दिवाणखान्यात दागिने घालून उभ्या. तरी मालिका पडेना. लोक शिव्या देत बघत होते, कारण अधूनमधून अक्का यायची, दोन वाक्यं बोलायची आणि ते घर पुन्हा घरासारखं वाटायचं. मालिकेचा तो शेवटचा खांब होता. म्हणून मी आत्याबाईंना गावाला पाठवलं.

तिला सांगितलं, "अक्का, साहेबांना तुझी बोली चालत नाही. मी भांडलो गं, पण..."

"तू कशाला भांडायलास? तुझं काम जाईल," ती म्हणाली.

महिनाभरात मालिका घसरली. एका गुरुवारी प्रेक्षकांचे आकडे आले आणि साहेबांचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच घाबरेपणा होता. "सर, आत्याबाई कुठं आहेत? लोक विचारतायत. आणा त्यांना परत."

इथं थांबता आलं असतं. मी म्हणालो, "त्यांनी दुसरीकडं काम घेतलंय. मी बोलून बघतो, जुनी ओळख आहे. तुम्ही फोन करू नका, बिनसेल." त्या घाबरलेल्या आवाजाची चव मला अजून हवी होती.

अक्का खोलीत फोनची वाट बघत बसली. चार महिन्यांनी खोली सोडून आली. बालवाडीत तोवर दुसरी बाई लागली होती. मग अक्का भावाबरोबर दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकायला बसू लागली. वर्षअखेरीस मालिका बंद झाली, साहेबांनाही काढलं. बातमी कळताच अक्का पेढे घेऊन माझ्या घरी आली. "बघितलं देवानं त्याला! लई माजला होता." मी दोन पेढे खाल्ले.

ते काही पचले नाहीत. यंदाच्या हंगामात तिच्या टोपल्यांपाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती फळं निवडतच होती.

"म्हंजी त्यानं मला परत बोलावलं व्हतं?"

"हो."

"आन् तू नाय म्हणून सांगितलंस."

"हो."

एक गिऱ्हाईक आलं. "मावशी, पिकलीत का?"

"उद्याला व्हतील. डोळे उघडलेत बघा." फळं त्याच्या पिशवीत घालून, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "लाव त्याला फोन. माझ्यासमोर सांग."

लावला. "बोला सर! काय, शेपू निवडताय का?" तोच तो आवाज. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "त्या आहेत तिथं?"

अक्का फोन घेऊन चिंचेखाली गेली. हातवारे करत बोलत होती, एकदा चक्क हसली. परत आली आणि फोन माझ्या मांडीवर टाकला.

"नवी मालिका काढायलाय तो. सासूचं काम हाय, मी व्हय म्हणले. त्यालाबी बजावलं, ह्या माणसाच्या हातची एक ओळ मी बोलणार नाय."

"काय म्हणाला?"

"म्हणला, करारातच लिहितो. ऊठ आता, गिऱ्हाईकाला जागा दे."

तिला काम मिळालं. मला आनंद व्हायला हवा होता. गाडीला किक मारताना मनात पहिलं काय आलं, ते लिहिल्याशिवाय ही कबुली पुरी होत नाही. वाटलं, शेवटी जिंकला तोच, ती त्याला मिळाली.