नवऱ्याला लकवा झाला, कागदावर

धडधाकट नवऱ्याला मी एकदा लकवा मारला. कागदावर. त्यावर आणखी शहाणपण असं की तो कागद स्वतःच्या पायांनी जिना चढून छापायला देऊन आले. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती आजोबांकडे बघून हसतात. आजोबा मात्र अजून या गोष्टीला हसत नाहीत, नुसते पाय हलवून दाखवतात.

झालं होतं असं, की माझ्या धाकट्या जावेचं पुस्तक निघालं होतं.

वर्ध्यात एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांत एक लहानसं प्रकाशन चालायचं. चालवणाऱ्या बाई एकट्या. संकटातून उठून उभ्या राहिलेल्या साध्या माणसांची पातळ पातळ पुस्तकं त्या काढायच्या. नाचणगावच्या एका शिंप्याचं, ज्याचा हात अपघातात गेला आणि तरी मशीन सुटली नाही. आंजीच्या एका बाईचं, जी सुनेसोबत बसून बाराखडी शिकली. पुस्तकाचं शेवटचं पान ठरलेलं असे. त्यावर लेखकाने, आपण कसे सावरलो ते बघून तुम्ही काय करावं, एवढं सांगायचं. आणि दर रविवारी एकेकाची गोष्ट त्याच्याच आवाजात रेकॉर्ड होऊन गावभर फोनवर यायची.

माझे दीर तरुणपणीच गेले. लकव्याने बरेच दिवस अंथरुणाला होते. मग जावेने सेवाग्रामला, दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी डबे सुरू केले आणि त्यावर दोन्ही पोरं शिकवली. ते सगळं तिच्या पुस्तकात होतं. आणि तिच्या शेवटच्या पानावर होतं, 'रडू आलं तर आधी कणीक मळून घ्यावी. काम झालं की मग बसून रडावं.'

या वाक्याने माझा जीव खाल्ला. भजनाच्या बायांच्या तोंडी तेच. बँकेतल्या पोरीच्या टेबलावर तेच. एका मयतीला गेले, तिथे एकीने माझ्याच पाठीवर हात ठेवून तेच ऐकवलं. माझ्या सुनेने तर ते सुरेख अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. माझ्या फ्रिजवर. पाणी प्यायला गेलं की जाऊ मला कणीक मळायला सांगायची.

अहो, घरातली लिहिणारी मी होते. नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, अशी माझी पत्रं पेपरात छापून येत. आळीतल्या पोरींच्या लग्नातली मंगलाष्टकं माझी. जाऊ दहावी नापास. आणि शाल-श्रीफळ तिला. तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, साठीला टेकलेली, दुपारी दार लावून खांद्यावर शाल घेऊन आरशात बघायची. मान किंचित झुकवून, जशी सत्काराला झुकवतात तशी. आज ती भेटली तर तिला मी खुर्ची देईन आणि बसायच्या वेळी ओढून घेईन.

हेवा पुस्तकाचा, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे तो तिच्या दुःखाचा होता. माझ्याकडे दुःखच नव्हतं. नवरा पेन्शनीत, मुलगा नोकरीला, सून गुणाची, दात सगळे स्वतःचे. बीपीची गोळी होती, तीही अर्धी. एवढ्यावर कोण पुस्तक काढणार?

म्हणून मी दुःख तयार केलं. आम्ही काही वर्षं यांच्या नोकरीपायी पुलगावला होतो. तिथे काय झालं आणि काय नाही, हे वर्ध्यात घरचे सोडले तर कोणाला माहीत? यांना तिथे लकवा झाला, मी एकटीने सेवा केली, हिंमत सोडली नाही आणि यांना बरं केलं. बरं केलं म्हटल्यावर आजच्या धडधाकट नवऱ्याचाही हिशेब लागला. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की लिहिताना दोनदा रडले.

प्रकाशनाच्या बाईंनी वाचलं, त्यांना आवडलं. आठवडाभराने सकाळी फोन आला.

"काकू, आज संध्याकाळी आम्ही तुमच्या घरी येतो. वाचनाला."

"कशाच्या वाचनाला?"

"आपली पद्धत आहे ना. गोष्टीत जी जी माणसं आहेत त्यांच्यासमोर, घरच्या अंगणात आधी वाचायचं. त्यांनी हो म्हटलं की छापायला. जाऊबाईंच्या वेळी नव्हता का तुम्ही?"

नव्हते. जावेच्या अंगणातल्या वाचनाला मला बोलावणं होतं, आणि मी डोकं दुखतं म्हणून गेलेच नव्हते. डोकं दुखत नव्हतं. पोट दुखत होतं, पण ते वेगळ्या प्रकारचं.

यांना सांगून ठेवावं म्हणून मागे गेले, तर हे स्टुलावर चढून कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या उपटून काढत होते. अंगभर गवत.

"संध्याकाळी लोक येऊन राह्यले. तुम्हाला काही विचारलं तर हो म्हणा."

"काऊन? लग्न लागून राह्यलं का आपलं परत?"

"हो म्हणा एवढंच सांगते."

"मागच्या वेळी हो म्हणलो, त्याचंच भोगून राह्यलो," म्हणाले आणि दुसरी ताटी ओढली. एवढ्यात सून आली, मग काय बोलणार.

पाच वाजता बाई आल्या. सोबत त्यांची लाडकी लेखिका, माझी जाऊ. शेजारच्या चारसहा बाया सुनेने बोलावल्या होत्या. सतरंजी घातली. प्रकाशनाच्या बाई यांच्याकडे देवळात आल्यासारख्या बघत होत्या. "काका, किती छान चालता हो आता," म्हणाल्या. हे म्हणाले, "लहानपणापासून चालतो."

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीला अडखळले, मग गोष्टीनेच मला धरलं. यांना उचलून बसवणं, चमच्याने पेज भरवणं. मग ती दोरीची गोष्ट आली. लकव्याने जीभ जड झालेली, मी झोपले तर यांना हाक मारता येणार नाही, म्हणून यांच्या चांगल्या हाताच्या बोटाला दोरी बांधायची आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. काही लागलं की यांनी ओढायची.

ही दोरी माझी नव्हती. एका उन्हाळ्यात शेवया करताना जावेने मला ती सहज सांगितली होती. स्वतःच्या पुस्तकात तिने ती घातली नव्हती. का ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मोकळी पडली आहे.

जावेने मान वर केली, हे मला दिसलं. पण थांबायचं कसं? मी तशीच शेवटापर्यंत गेले. एका सकाळी दोरी ताणली गेली म्हणून माझे डोळे उघडले. बघते तर खाट रिकामी, आणि दोरीचं टोक बोटाला घेऊन हे दारात आपल्या पायावर उभे.

दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावले. प्रकाशनाच्या बाईंनी नियमाप्रमाणे यांच्याकडे वळून विचारलं, "काका, हे असंच घडलं ना? तुम्ही हो म्हणालात की आपण कामाला लागू."

त्या क्षणी माझं पुस्तक, माझी शाल, माझा रविवार, सगळं या माणसाच्या जिभेवर होतं. मी डोळ्यांनी सांगत होते, हो म्हणा. यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या दोन्ही पायांकडे बघितलं.

"कोणता पाय गेलता माह्या?"

"उजवा," मी म्हटलं.

"आता वाचताना त डावा म्हणाली."

आधी सून हसली. मग अंगण हसलं. हे गंभीरपणे पुढे म्हणाले, "ती म्हणते त झाला असन बाई. मले सांगतलं नसन तिनं." प्रकाशनाच्या बाईंनी कागद नीट जुळवले आणि माझ्या मांडीवर ठेवले. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काकू, हे मला नाही छापता येणार." चहा घेतला आणि गेल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन कप विसळत बसले. नळ मोठा सोडला होता. जाऊ मागून आली. मला वाटलं आता दोरी मागेल, आणि मागावीच. तिने एक एक कप पुसून पालथा ठेवला. सगळे पुसून झाल्यावर नळ बंद केला आणि म्हणाली, "जाऊबाई, दोरी नेली त नेली, त्याचं मले काही नाई. पण आता हे कागद चुलीत घालान तुम्ही, मले ठाऊक आहे. घाला. फक्त दोरीचं ते शेवटचं पान मले देजा. तुमच्या गोष्टीत दोरी ओढून ते दारात उभे राह्यले न, माह्या माणसाले तसं उभं करणं माह्याकडून एवढ्या वर्षांत कागदावरही नाई झालं."