पोपट आणि पाकट

तंजावूरच्या मुलींच्या शाळेत सरोजाबाई एकोणीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या, पण मासा त्यांनी कधी हातात धरला नव्हता. घर तंजावुरी मराठी, कडक शाकाहारी. पुस्तकातलं चित्र फळ्यावर काढायचं, नावं लिहायची, झालं.

१९९५ च्या जुलैत आठवीतल्या हरिप्रियानं विजेच्या तारेला चिकटून मेलेला पोपट रुमालात गुंडाळून आणला. बाईंनी त्याचा पंख उलगडला, दोन बोटं पुढे आणि दोन मागे असलेला पाय दाखवला. एरवी कलकलाट करणाऱ्या मुली बाकांवर चढून बघू लागल्या.

"टीचर, टीव्हीत एक मासा असाच पंख हलवत जातो. तोही उडतोच ना?" हरिप्रियानं विचारलं. गल्लीत नुकतीच केबल आली होती.

तो पाकट, तमिळमधला तिरुक्कै, एवढंच बाईंना सांगता आलं. मनातून त्या ओशाळल्या.

रविवारी त्या मासळीबाजारात गेल्या. नागपट्टिणमहून आलेला ताटाएवढा पाकट घेतला. विकणारीनं शेपटीचा विषारी काटा मोडून दिला. बादली घेऊन बाई मागच्या दारी पोचल्या, तर समोर सासूबाई, शेषम्मा.

"हे काय आणलीस ग घरांत? विहिरीकडं नको! त्या कडेला ठेव."

बाईंनी बोलावलेली हरिप्रिया आली. बाईंनी फॉर्मॅलिनच्या बरणीत जपून ठेवलेला पोपट काढून पाकटाशेजारी ठेवला. पोपटाची हाडं पोकळ. पाकटाला हाडच नाही, नुसती कूर्चा. बाईंनी त्याचं पोट कापलं. आत दोन पिल्लं होती, पंख विड्यासारखे गुंडाळलेले.

"पक्षी अंडी घालतो आणि हा मासा पिल्लं देतो?" हरिप्रिया थक्क झाली.

शेषम्मा नाकाला पदर लावून जवळ आल्या. "पोटांत वाढवती ती?"

"हो आई. आतल्या आत दुधासारखं काही पाजतेसुद्धा."

शेषम्मा आत जाऊन केळीचं पान घेऊन आल्या. "लेकरं मातींत नको ठेऊं. ह्यावर ठेव."

सोमवारी बाईंनी पाकट आणि पिल्लं वर्गात नेली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी वासाची तक्रार केली. बाईंनी माफी मागितली नाही. नमुन्यांसाठी वेगळं कपाट मागितलं, आणि ते मिळालं.

जानेवारीत त्या तीस मुलींना घेऊन नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर उतरल्या. कोळी जाळी ओढत होते. हरिप्रिया पाण्याकडे धावली. बाईंनी चपला वाळूत काढल्या, निऱ्या वर खोचल्या आणि तिच्या पाठोपाठ लाटेत शिरल्या.