माइक बंद झाल्यावर

विधानसभेच्या सभागृहात मागच्या बाजूला, वर, काचेची एक केबिन होती. तिथे एकोणीस वर्षं एक गृहस्थ कानांना हेडफोन लावून बसत. जो सदस्य बोलायला उभा राहील त्याचा माइक चालू करायचा, अध्यक्षांनी सांगितलं की बंद करायचा, एवढंच काम. सगळे त्यांना बटणकाका म्हणत. बायको मात्र म्हणायची, "दिवसभर लोकांची तोंडं बंद करतात, आणि घरी आले की स्वतःचं उघडत नाहीत."

खोटं नव्हतं ते. हेडफोनमधले आवाज इतके जवळून यायचे की आपल्याच डोक्यात कुणी पुटपुटतंय असं वाटे. जेवणानंतर झरोक्यातलं पिवळसर ऊन बाकांवर उतरायचं, कानात 'सन्माननीय, सन्माननीय' घुमत राहायचं, आणि काका जागेपणीच तरंगू लागायचे. बोट मात्र कधी चुकलं नाही.

अशाच एका दुपारी सिस्टर उभ्या राहिल्या. त्या पूर्वी परिचारिका होत्या, पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. त्यांच्या भागात नळाच्या पाण्याने मुलं आजारी पडत होती. मंत्री म्हणाले, टाक्या महिन्यापूर्वीच धुतल्यात.

"मंत्री खोटं बोलतायत," सिस्टर म्हणाल्या.

एकच गलका झाला. अध्यक्ष म्हणाले, "'खोटं' हा शब्द इथे चालत नाही. मागे घ्या."

"परवा टाकीतला गाळ मी हाताने काढलाय. मग काय म्हणू?"

"आधी शब्द मागे घ्या, नाहीतर माइक बंद होईल."

सिस्टर बोलतच राहिल्या. अध्यक्षांनी वर बघून हात हलवला. काकांनी बटण दाबलं.

कानात काहीच उरलं नाही. खाली सिस्टरांचे ओठ हलत होते. काकांना वाटलं, आपण खोल तळाशी बसलोय आणि काठावरून कुणीतरी हाका मारतंय. आजवर शेकडो माइक त्यांनी बंद केले होते, पण नंतर त्या माणसाकडे कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढला आणि केबिनची सरकती खिडकी उघडली.

बारीक, कोरडा आवाज वर आला. सिस्टर मुलांची वयं सांगत होत्या. "चार वर्षं. सात वर्षं. दीड वर्ष." ऐकू यावं म्हणून पुढची बाकं गप्प झाली, मग मागचीही. अध्यक्ष खुर्चीत पुढे वाकले होते.

"बाई," ते जरा वेळाने म्हणाले, "तेवढा एक शब्द सोडा. बाकी सगळं बोला, मी अडवणार नाही."

सिस्टर थांबल्या. "शब्द मागे घेते. गाळ मागे घेता येत नाही."

काकांनी इशाऱ्याची वाट न बघता माइक चालू केला.

कामकाजातून तो शब्द वगळला गेला. टाक्यांची तपासणी लागली, आणि आठवड्याभराने मंत्र्यांनी उभं राहून 'माहिती अपुरी होती' असं कबूल केलं.

माइक बंद केला त्याच दिवशी संध्याकाळी सिस्टर जिन्यात भेटल्या तेव्हा काकांना राहवलं नाही. "ताई, बटण मीच दाबलं होतं."

"मग काय करणार होतात? नियमच आहे." त्यांचा घसा पार बसला होता. त्या पायरीवरच टेकल्या. "वरून आम्ही कसे दिसतो हो?"

काकांनी विचार केला. "नुसती डोकी दिसतात. कोण कुठल्या पक्षाचं, काही कळत नाही. टक्कल तेवढं कळतं."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काकाही शेजारी बसले, आणि घरी जायची वेळ टळून गेली तरी बोलत राहिले.