जुन्या गावातली हजेरी

किल्लारीच्या अंगाला एक गाव हाय. भूकंपात पडलं ते गाव येगळं, अन् आता माणसं ऱ्हातेत ते येगळं. मधी एक वढा अन् लांबलचक पांदीची वाट. नव्या गावातली अंगणवाडी चालवती ती केवळाबाई. तिचीच ही गोष्ट.

गणपती बुडवून माणसं निजली अन् जमीन हालली, तवा केवळा सोळा वर्साची होती. आय गेली, धाकटी बहीण गेली. ती अन् बाप शेषेराव, दोघंच उरले. फुडं सरकारनं नवं गाव बसवलं, घरांना लंबर पडले. नव्या चुलीवरची पयली भाकर शेषेरावनं लेकीच्या हातात ठिवली अन् म्हणला, "ह्या भाकरीची आन हाय तुला. त्या मातीत पुन्हा पाय टाकायचा न्हाई. ती जागा आता त्यांची हाय. आपण गेलाव की त्यांचा जीव हलतो."

तवापासून केवळा तिकडं फिरकली न्हाई. सरपणाला न्हाई, शेळी चुकून गेली तरी न्हाई. लगीन बी बापानं गावातच लावलं. आता म्हातारा तिच्याच घरी ऱ्हातो.

मागल्या साली सरकारनं अंगणवाडीच्या बायांची हजेरी मोबाईलवर आणली. खोटं कशाला बोलावं, काम चांगलंच होतं. काही बाया लातुरात बसायच्या अन् महिन्याच्या सह्या एका दमात ठोकायच्या. आता तसं न्हाई. केंद्रात उभं ऱ्हायचं, मोबाईलफुडं तोंड धरायचं, डोळे मिचकवायचे, की लागली हजेरी. येताना एक, जाताना एक. केवळाबाई तर खूश झाली. ती कवा चुकलीच न्हवती.

पयल्या दिवशी दारात उभी राहून तिनं डोळे मिचकवले. मोबाईलवर आलं, 'आपण केंद्रापासून दूर आहात.' आत गेली, लेकरांत बसली, खिचडीच्या पातेल्यापाशी उभी ऱ्हायली. तेच.

खिचडी शिजवणारी शरणम्मा म्हणली, "आवं बाई, त्याला म्हणा, मग तूच ये की जवळ!"

दोन-चार दिसांनी मुग्धा मॅडम आल्या. त्या लातूरच्या, चार-सहा गावच्या अंगणवाड्या त्यांच्याकडं. त्यांनी मोबाईलात नकाशा उघडला. केंद्राचा लाल ठिपका पडला होता जुन्या गावात.

"घ्या!" शरणम्मा हसत सुटली. "सरकारनं गाव उचलून हितं आणलं, अन् नकाशा तितंच इसरला!"

केवळाबाई हसली न्हाई. "मॅडम, तेवढा ठिपका सरकवा की."

"माझ्या हातात नाही हो ताई. ते वरून येतं. तुम्ही मोबाईलवरूनच तक्रार टाका."

टाकाया गेली तर उत्तर आलं, 'तक्रार केंद्राच्या हद्दीत उभे राहून नोंदवावी.'

"म्हंजी पेटीची किल्ली पेटीतच!" शरणम्मा म्हणली.

केवळाबाई रोज लेकरांत असायची अन् रोज तिची गैरहजेरी पडायची. मॅडम परेशान झाल्या. "ताई, मला पटतंय तुमचं. पण नोटीस निघाली तर तुमची नोकरी जाईल. एकदा जुन्या गावात जाऊन तक्रार टाका, मिटून जाईल."

हिकडं आड, तिकडं हीर. न जावं तर आर्ध्या जल्माची नोकरी जाती, अन् जावं तर बापाची आन मोडती. बापाला इचारावं तर तो न्हाईच म्हणणार. तिनं इचारलंच न्हाई.

एका सकाळी गेली. वढा वलांडला अन् चपला काढून हातात घेतल्या. चपलांनी तरी तुडवू नये म्हणून. वेड्या बाभळी माजल्या होत्या, गुडघ्याएवढं गवत, मधी मधी भितींचे दगड. घर वळखू येईना, पर दारातला लिंब उभा होता. तिनं मोबाईल तोंडाफुडं धरला. 'चेहरा जुळला नाही.' पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा धरला. 'उपस्थित.' तिनं तक्रार टाकली अन् मागं न बगता आली.

आठवड्यानं जवाब आला. मॅडमनी वाचून दावला: 'आपली हजेरी सदर ठिकाणावरूनच नोंदली गेली असल्याने ठिकाण बरोबर आहे. तक्रार निकाली.'

मॅडमचं तोंड उतरलं. "ताई, मीच तुम्हाला जा म्हणाले."

"तुमचा काय कसूर, मॅडम?" केवळाबाई म्हणली. "गेले तर ठिपका खरा ठरतो, न्हाई गेले तर मी खोटी ठरते. सांगा, कुटं जाऊ?"

मॅडमनी वर कागद पाठवले, माणसं गाठली. ठिपका हालला न्हाई. मग सकाळी एकदा जुनं गाव, पळत येऊन लेकरं, अन् दुपारी पुन्हा जुनं गाव. तवर लेकरं शरणम्माच्या गळ्यात. घरी बाप इचारायचा, "रोज कुटं जायलीस गं?" तर म्हणायची, "मीटिंग हाय, आण्णा."

एक दिस संध्याकाळी शेषेराव वट्यावर बसला होता. "केवळा, बस हितं." ती बसली. त्यानं तिच्या लुगड्याचा काठ मांडीवर घेतला अन् त्यातलं एक एक कुसळ उपसून बाजूला ठिवाया लागला.

"मीटिंगीत कुसळं लई हायत की गं."

केवळाबाईनं धीर करून समदं सांगितलं. ठिपका, नोटीस, तक्रार, समदं. "भाकरीची आन मोडली, आण्णा. रोज मोडते, दोनदा. काय करू, सुटकाच न्हाई."

म्हातारा कुसळं उपसत ऱ्हायला. तिच्या पायाला वरखडे पडले होते, ते बी त्यानं बगितलं.

"आपला लिंब हाय का आजून?"

"हाय. लई मोठा झालाय."

"मग त्याच्या सावलीत उभी ऱ्हात जा, उन्हात नको." त्यानं शेवटचं कुसळ काढलं अन् काठ झटकला. "अन् चपला घाल. तुझी आय काय म्हणायची न्हाई."