पात्यावरची जाळी

आमच्या सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावरच्या चिरेखाणीत मी मशीन चालवायचो. जांभा कापून घराला लागणारे चिरे काढायचे, हा धंदा. मशीन रुळांवरून पुढे सरकतं, गोल पातं कातळात उतरतं आणि लाल धुरळा असा उडतो की घरी गेल्यावर बायको आधी अंगणातच उभं करायची. धुरळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पात्याची आहे. त्याच्यावर लोखंडी जाळी हवी. मशीनबरोबर ती आलीही होती. पण कामाला आड येते, चिरे कमी निघतात, म्हणून खाणीच्या मालकाने, शेठने ती काढायला लावली आणि शेडमागे टाकून दिली.

बाजूच्या मशीनवर माझे काका असायचे. त्या मशीनची जाळीही अशीच काढलेली, आणि उघड्या पात्याने त्यांची दोन बोटं नेली. अडकलेली कपची काढायला हात घातला, एवढंच. शेठने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, खोटं कशाला बोलू? पण परत येऊन म्हणतो काय, "राखणदाराचा कोंबडा राहिला यंदा. तेच भोवलं."

माझं डोकंच सणकलं. राखणदाराला मीही मानतो. गावाची हद्द राखतो तो. पण जाळी काय त्याने काढली होती?

"शेठ, जाळी बसवा. तोवर मी मशीनला हात लावणार नाय," मी सांगितलं.

"आधी देवाचं बघू," तो म्हणाला.

काका जरा हिंडूफिरू लागल्यावर खाणीवरच गाऱ्हाणं ठरलं. कोंबडा आला, नारळ आला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते मोठ्याने, चारचौघांत, आणि जमलेले सगळे त्याला होकार भरतात. तो मान आमच्या घराण्याचा, म्हणजे काकांचाच. पट्टी बांधलेल्या हाताने नारळ छातीशी धरून ते उभे राहिले. गुराढोरांचं झालं, मुंबईच्या चाकरमान्यांचं झालं. मग ते थांबले.

"बा राखणदारा, मशीनवरची जाळी शेडमागं पडलीय. ती परत बसवायची बुद्धी शेठला दे रे म्हाराजा!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एकदम आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज शेठचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मला भरून आलं. काकांनी बाजी मारली असंच वाटलं.

नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. शेठने तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळला. "हां, कर चालू."

"आणि जाळी?"

"अरे, ते मी देवाला 'व्हय' म्हटलं. तुला कुठं म्हटलं?"

मी आजूबाजूला बघितलं. आत्ता घसा फोडून ओरडलेले सगळे मुकाट खोबरं चघळत होते. शेठपेक्षा त्यांचा राग जास्त आला. हातमोजे काढून शेठच्या पायाशी टाकले आणि काकांना घेऊन घरी आलो.

आता मी मिरजोळ्याला एका कारखान्यात माल चढवतो. खाण चालूच आहे. माझ्या जागी दुसरा आलाय. जाळी शेडमागेच आहे, तिच्यावर कसलीशी वेल चढलीय. रस्त्याने जाताना पात्याची घरघर मध्येच थांबली की, कुणाचा हात गेला काय, म्हणून मी तिथेच उभा राहून कान देतो. ती पुन्हा सुरू झाली की संताप येतो.