दुसरा गिअर आणि एक लाल रेघ

ती घटना आठवली की आजही आधी आवाज आठवतो, माणसं नंतर. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. वय कमी आणि अंगात वर्दीची मस्ती जास्त.

एका व्यापाऱ्याची टपाची जुनी डिझेल जीप भर दुपारी त्याच्या गोदामाच्या आवारातून गेली. बाजार बंदचा वार असल्यानं आवारात कुणी नव्हतं. कुलूप शाबूत, काचा शाबूत. किल्ल्या दोन होत्या. एक मालकाच्या घरात खुंटीला, दुसरी ड्रायव्हरच्या खिशात. ड्रायव्हर गडमुडशिंगीचा, नऊ वर्षं त्याच गाडीवर. मालक आपल्या मेहुण्याला घेऊन फिर्याद द्यायला आला आणि दोघांनी ड्रायव्हरचंच नाव घेतलं. नोकरानं केलेल्या चोरीचं कलम लावून मी संध्याकाळच्या आत त्याला उचलला. घराची झडती घेतली. दोन खोल्या, फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, आणि कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेले गाडीचे झिजलेले पार्ट. नवा पार्ट बसवला की जुना मालकाला दाखवायला जपून ठेवायचा, ही आपल्याकडच्या ड्रायव्हरांची रीतच. मला ती तेव्हा माहीत नव्हती. पार्ट बघून माझी खात्रीच पटली.

कोठडीत तीन दिवस त्याचं एकच म्हणणं होतं, "मी न्हाय साहेब." चौथ्या दिवशी वैतागून म्हणाला, "साहेब, ती गाडी माझ्याबिगर कुणाला चालवायची न्हाय. दुसरा गिअर खराब हाय तिचा. डबल क्लच मारून, इंजिन ऐकून टाकाय लागतोय. नवखा बसला की नुसता किर्रर्र आवाज."

मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. जबाबात सगळं उतरलं, पण लाल पेननं रेघ मी त्या एकाच वाक्याखाली मारली.

"म्हणजे तूच नेलीस," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला, बोलला नाही. बोलत नाही म्हणून मी त्याला एक चपराक लगावली. हे कुठल्या रजिस्टरला नाही, पण झालं होतं.

त्याची बायको रोज डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची. एकदा मला अडवून म्हणाली, "साहेब, गाडी गावली की मला बोलवा. गिअर बदलला की मागनं ठण्ण करून वाजती ती. वळणावर वाजली की मी चहा ठेवती. धा गाड्यांत वळखीन."

"बाई, आवाजाची साक्ष कोर्टात चालत नाही," मी हसून म्हणालो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

कोठडीची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. हद्दीपलीकडच्या एका गावात तशी जीप उभी होती, नंबर तिकडचा, रंग नवा. हवालदार जाऊन जीप आणि ती बाळगणारा माणूस, दोन्ही घेऊन आले. माणूस चाळिशीचा, बोलायला गोड. गाडी तीन वर्षांपूर्वी घेतली, स्वतःच चालवतो, असा त्यानं जबाब दिला. चासी नंबर त्याच्या कागदांशी जुळत होता. मालकाला बोलावून गाडी दाखवली. नऊ वर्षं मागच्या सीटवर बसलेला माणूस तो. दोन फेऱ्या मारून म्हणाला, "वाटती तशी. पन खात्री काय देऊ?"

मी पेचात पडलो. दुसऱ्या दिवशी रिमांड संपणार होता. गाडी तीच आहे असं सिद्ध झालं नाही तर हा गोडबोल्या जीप घेऊन घरी जाणार आणि ड्रायव्हर सबजेलमध्ये. पुढं खटला उभा राहीपर्यंत किती महिने, कुणी सांगावं.

आवारात ट्रक यायचा होता म्हणून जीप बाजूला घ्यायला मी त्या माणसालाच बसवलं. पहिल्या गिअरमध्ये निघाला, दुसरा टाकायला गेला आणि किर्रर्र झालं. "जुनी गाडी हाय, साहेब," तो खिडकीतून हसला. मी आत गेलो, जबाब उघडला. लाल रेघ जिथल्या तिथं होती. तिच्या खालची तीन वाक्यं मी पहिल्यांदा नीट वाचली.

शिवाजी पेठेतल्या ज्या मिस्त्रीकडे व्यापाऱ्याची जीप दुरुस्तीला जायची, त्याला बोलावलं. दोन पंच घेतले आणि जीप कवायतीच्या मैदानावर नेली. मिस्त्री गाडीखाली सरकला, हातानं काहीतरी हलवलं. खालून ठण्ण असा आवाज आला.

"क्रॉस गेलाय," तो खालूनच ओरडला. "इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडं नेतोय त्यो दांडा, त्याच्या सांध्यात ढील पडलीया. म्हणून वाजतंय. आन् दुसऱ्या गिअरची रिंग झिजलीया, ते येगळंच."

आधी त्या माणसाला चालवायला सांगितलं. तीन फेऱ्या, तिन्ही वेळा किर्रर्र. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "पावणं, तीन वर्षं हिच्यावर बसताय न्हवं? मग अजून गिअर गावंना व्हय?"

माणसानं इंजिन बंद करून किल्ली माझ्याकडे दिली.

मग लॉकअप रजिस्टरला नोंद करून ड्रायव्हरला आणलं. बेडी काढायला सांगितली तसे हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, समोरचं गेट उघडं हाय. पळाला तर तुमची नोकरी जाईल." ते खरंच होतं. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

त्यानं किल्ली फिरवली. हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. गाडी निघाली. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडला, इंजिनाचा आवाज जरा उतरू दिला, पुन्हा क्लच. दुसरा गिअर मुकाट्यानं पडला.

"आता वाजंल," तो म्हणाला.

मागून ठण्ण वाजलं.

गेट समोर आलं. मोकळा रस्ता दिसत होता. माझा हात नकळत हँडब्रेककडे गेला. ते त्यानं पाहिलं, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी पंचांसमोर आणून उभी केली. "मला घरला जायचंय साहेब. पळायचं न्हाय."

गोडबोल्यानं हे सगळं पाहिलं होतं. ठाण्यात परत आल्यावर त्याला फार विचारावं लागलं नाही. गाडी त्यानं मालकाच्या मेहुण्याकडून घेतली होती. नंबर पुसून जुन्या मोडीत निघालेल्या गाडीचे ठोकले होते.

"आणली कशी?" मी विचारलं.

"टोचन करून. त्या मेहुण्याला गिअरच पडंना, लई आवाज व्हायला लागला. मग ट्रकाला दोर लावून आणली."

मी पेन खाली ठेवलं. ड्रायव्हरनं नेली असती तर चालवत नेली असती, दोर कशाला लावला असता? ज्या वाक्यानं मी त्याला अडकवलं, तेच वाक्य त्याला सोडवत होतं. मेहुणा मालकाच्याच घरात राहायचा, खुंटीवरची किल्ली त्याच्या हाताशी. काखेत कळसा होता आणि मी संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो. पुढं मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडला, तेव्हा त्यानंच लेथवर बनवून बसवलेला पितळी बुश आत निघाला, त्याच्या स्वतःच्या खुणेसकट. मग मालकाच्याही शंकेला जागा उरली नाही.

याच्याविरुद्ध पुरावा नाही, सोडावं, असा १६९ चा अहवाल कोर्टात दिला आणि ड्रायव्हर सुटला. सामान घ्यायला तो ठाण्यात आला, पट्टा आणि रुमाल घेतला, सही केली. बायको पायरीवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात माझी सरकारी जीप मागून ठण्ण वाजत आवारात शिरली. आवाज ऐकून तो जाता जाता थांबला.

"साहेब, तुमच्या गाडीचाबी क्रॉस गेलाय. घाटात नेऊ नगा."

त्या जीपमध्ये मी रोज बसत होतो. मिस्त्रीनं सांधा खोलला तर आतल्या सुईसारख्या बेअरिंगचा भुगा झालेला, दांडा कधीही निखळला असता. त्याच आठवड्यात मला बंदोबस्ताला घाट उतरून जायचं होतं.

पुढच्या नोकरीत मी जबाबात कधी लाल पेन वापरलं नाही. समोरचा बोलत असला की मला हवं ते वाक्य आल्यावरही पेन न टेकवता शेवटपर्यंत ऐकत राहायचो. ही शिकवण फुकट मिळाली नाही, तिची किंमत दुसऱ्यानं मोजली. ड्रायव्हर पुढं दोनदा मिस्त्रीकडे भेटला. दोन्ही वेळा त्यानं उठून नमस्कार केला आणि दोन्ही वेळा मी गाड्यांच्या गप्पा मारून निघून आलो. जे तेव्हा तोंडातून निघालं नाही, ते आता इथं लिहितो. दादा, माझं चुकलं.