मावशीचं सतरावं कलम

माझी मावशी रस्ते खात्यात कारकून होती. ठेकेदारांशी होणाऱ्या करारांचे मसुदे तयार करायचं तिचं काम. जुन्या कराराची प्रत घ्यायची, रस्त्याचं नाव आणि लांबी बदलायची, बाकी मजकूर जसाच्या तसा. ऑफिसात तिला सगळे 'कलमबाई' म्हणत आणि तिलाही ते मनापासून आवडायचं.

एका वर्षी तिच्या घराजवळचा रस्ता नव्याने झाला. ठेकेदाराने जुना डांबरी थर खरवडला आणि सगळा राडारोडा घरामागच्या ओढ्यात ओतला. पाणी तुंबलं, शेजाऱ्यांच्या परसात काळे तुकडे वाहून आले. मावशी तावातावाने तक्रार लिहायला बसली आणि पुरावा म्हणून तिने करार उघडला. 'निघालेल्या साहित्याची विल्हेवाट ठेकेदाराने आपल्या सोयीने लावावी.' हे वाक्य तिनेच टाईप केलं होतं. एकदा नाही, शे-दीडशे करारांत. तक्रार तशीच राहिली.  दोन दिवस काका बिचारे चहा करून समोर ठेवत आणि गार झालेला कप उचलून नेत.

मग एक पूल आणि नऊ किलोमीटर रस्ता नव्याने बांधायचा मसुदा तिच्या टेबलावर आला. या वेळी सतरावं कलम तिने स्वतः लिहिलं. खरवडलेलं डांबर आणि पाडलेल्या पुलाचं काँक्रीट त्याच कामात परत वापरायचं. ट्रकच्या फेऱ्या आणि जळालेलं डिझेल यांची नोंद दर आठवड्याला द्यायची. कमी इंधनात काम करण्याची हमी देईल त्याच्या निविदेला जास्त गुण. आणि ठेकेदाराला याहून चांगली युक्ती सुचली, तर खात्याने आठवड्याच्या आत त्याला उत्तर द्यायचं.

तिचे साहेब कार्यकारी अभियंता. माणूस भला, पण पाऊल जपून टाकणारा. त्यांनी कलमात पेन्सिलने एकच शब्द घातला: 'शक्यतो'. मावशीने खोडरबर घेतलं आणि त्यांच्यासमोरच तो पुसला.

"साहेब, शक्यतो लिहिलं की कोणालाच शक्य होत नाही."

साहेबांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि पेनने सही केली. निविदा भरायला कोणी फिरकलं नाही तर जाब द्यायला दोघांनी मिळून जायचं, एवढं मात्र बजावलं.

निविदेआधीच्या बैठकीत ठेकेदारांनी नाकं मुरडली. रस्ता बांधायचाय की बगीचा, असं एकाने विचारलं. सगळे हसले. मावशी एरवी मागे बसून टिपणं घेणारी, पण त्या दिवशी उभी राहून एकेका शंकेला उत्तर देत गेली. कोपऱ्यात एक वयस्क ठेकेदार कागदावर आकडेमोड करत होते. सगळे त्यांना दादा म्हणत.

"बाई, पुलाचंच काँक्रीट फोडून रस्त्याखाली भरलं तर चालेल? खडी चाळीस किलोमीटरवरून आणायला नको."

"चाचणीत पास झालं तर चालेल, दादा. तसं लिहिलंच आहे."

तीन निविदा आल्या. काम दादांना मिळालं.

त्यांनी काँक्रीट फोडून खडी करायचं मशीन पुलाच्या बाजूलाच बसवलं. मावशी दर शनिवारी हेल्मेट घालून हजर. पहिल्याच चाचणीत भराव नापास झाला, तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला. दादांनी मात्र सगळा माल पुन्हा चाळून त्यातली माती काढली आणि दुसऱ्या चाचणीत तो अव्वल उतरला. काम मुदतीच्या महिनाभर आधी संपलं. ट्रकच्या फेऱ्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी झाल्या आणि राडारोड्याची एक पाटीही बाहेर गेली नाही.

पुढच्या वर्षी मुख्य कचेरीने ते कलम खात्याच्या प्रत्येक रस्त्याच्या कराराला लागू केलं. ते समजावून सांगायला मावशीला बोलावणं आलं. समोर साठ अभियंते, हातात माईक. सुरुवातीला ती कागदात बघून वाचत होती, मग गाडी रुळावर आली. शेवटी कोणीतरी विचारलं, हे मूळ कोणाच्या डोक्यातून निघालं?

मागच्या रांगेतून साहेब उठले. "यांच्या. मी फक्त सही केली."

सभागृह उभं राहिलं. मावशीही ताठ उभी राहिली आणि तिने सगळ्या टाळ्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.